पुंगळ्यांवरचे ठिपके

दसऱ्यानंतरच्या रविवारी चांदमारीच्या मैदानावर आबांच्या रायफलीत काडतूस फुटलं. आबांचा डोळा गेला. मी घरी वह्या तपासत होते.

आबा म्हणजे माझे वडील. फौजेत ते आर्मरर होते, म्हणजे पलटणीची हत्यारं दुरुस्त करणारे हवालदार. सगळी नोकरी त्यांनी दुसऱ्यांच्या बंदुका खोलण्यात आणि जोडण्यात घालवली. निवृत्त होऊन ते धुळ्याकडच्या आमच्या गावी आले तेव्हा गावातली निम्मी माणसं सुरतेला लूमच्या खात्यांवर, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यांत, गेलेली होती. त्यांच्यामागून आम्हीही आलो. आबांना उधन्याच्या एका डाइंग मिलमध्ये गनमनची नोकरी मिळाली. गनमनकडे लायसन स्वतःचं लागे आणि हत्यारही स्वतःचं. मिल पगार द्यायची, वर्षाला दोन खाकी जोड द्यायची. बंदूक द्यायची नाही.

बंदूक आबांकडे होती. त्यांच्या पलटणीतले एक साहेब वारले, तेव्हा साहेबांच्या पत्नीने घरातली जुनी शिकारी रायफल विकायला काढली. ती रायफल वर्षानुवर्षं आबाच साफ करत आले होते. बाईंनी ती बाहेर कुणाला न देता आबांना दिली. विलायती होती. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, त्यावर एका बाजूला दाताने चावल्यासारखी खूण. ती कशाची, हे आबांना साहेबांनी कधी सांगितलं नव्हतं आणि आबांनी विचारलं नव्हतं. नळीचं माप, म्हणजे बोअर, टू-सेव्हंटी-फाइव्ह. मला त्या आकड्याचा अर्थ फार उशिरा कळला. तो बोअर आता आपल्याकडे कुणी बनवत नव्हतं, एवढाच तो अर्थ.

गोडादऱ्याला आमच्या दोन खोल्या होत्या. शेजारच्या खात्यातल्या मागांची खटखट दिवसरात्र भिंतीतून यायची. मागाला सुट्टी असली की आम्हाला झोप लागायची नाही. त्यातल्या आतल्या खोलीत लोखंडी कपाट, आणि कपाटात आईच्या जुन्या सुती लुगड्यात गुंडाळलेली रायफल. दर गुरुवारी आबा ती बाहेर काढत. दोरीला चिंधी बांधून ती नळीतून ओढायची, फौजेत त्या दोरीला फुलतरू म्हणतात. आई भाजी निवडत बसलेली असे. ती माझ्याकडे बघून म्हणायची, "हाई मन्ही सवत. मन्हा आधी हिले तेल लागस." आबा मान वर न करता हसत. माझं लुगडं हिने नेसलंय, असंही आई आल्यागेल्याला सांगायची.

मी त्यांची एकुलती एक. पालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका होते. लग्नाचं वय होऊन गेलं होतं आणि त्याबद्दल बोलणं घरात थांबलं होतं. आईशी आबा अहिराणीत बोलत, माझ्याशी पुस्तकातल्यासारखी मराठी बोलायचा प्रयत्न करत आणि मध्येच फौजेतल्या हिंदीवर घसरत. मला ते मास्तरीणबाई म्हणत. मला वाचायची सवय होती. सवय म्हणणं कमीच आहे. जेवताना, चालताना, दूध उतू जात असतानाही मी वाचत असे. घरात त्यावरून कुणी बोललं नाही. आई म्हणायची, तुम्हा बापलेकींना दोघांनाही एकेक लागीर झालंय, एकाला लोखंडाचं, एकीला कागदाचं.

रायफलीबरोबर साहेबांच्या घरून काडतुसांच्या काही पेट्या आल्या होत्या. आबा म्हणायचे, महिन्यातून एकदा जी चालत नाही ती बंदूक नाही, काठी. त्यामुळे महिन्यातल्या एका रविवारी ते चांदमारीला जात. शहराबाहेर मातीचा उंच बांध घातलेलं मैदान होतं, तिथे गनमन मंडळी आणि क्लबचे काही शौकीन लोक परवानगीने सराव करत. पेट्या संपत आल्या. शेवटची पेटी आबांनी नोकरीसाठी राखून ठेवली. सरावासाठी काय करायचं, हा प्रश्न तेव्हापासून सुरू झाला.

जुन्या शहरात चौकाकडच्या एका गल्लीत बंदुकांचं दुकान होतं. दुकानदार म्हातारे बोहरी गृहस्थ, सोनेरी किनारीची पांढरी टोपी आणि जाड काचांचा चष्मा. आम्ही त्यांना काका म्हणत असू. काडतुसं भरून देण्याचा परवाना त्यांच्याकडे होता. उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी शाबूत राहते. तिला बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी बसवली की ती पुन्हा चालते. काकांचे हात कापायला लागले होते. आबांचे हात कापत नव्हते. असं ठरलं की आबांनी काकांच्या देखत, काकांच्या मागच्या खोलीत बसून आपल्या पुंगळ्या भरायच्या, आणि बदल्यात दुकानात दुरुस्तीला आलेल्या बंदुका बघून द्यायच्या. दोघंही या सौद्यावर खूश होते. काका म्हणत, हवालदार साहब मुफ्त में मिस्त्री मिल गया. आबा म्हणत, मला फुकटात कारखाना मिळाला.

शनिवारी माझी शाळा सकाळची असायची. दुपारी मी जुन्या शहरातल्या वाचनालयात जाऊन पुस्तक बदलत असे आणि तिथून आबांच्या दुकानात. आबांचं म्हणायचे मी त्याला, दुकान काकांचं. मागच्या खोलीत एक लाकडी स्टूल होतं, ते माझं. आबा टेबलावर काम करत आणि मी शेजारी बसून वाचत असे. पुढे आम्ही दोघं एका बसने घरी यायचो. असे किती शनिवार गेले मला सांगता येणार नाही. त्या खोलीत तेलाचा, पितळेचा आणि काकांच्या अत्तराचा वास असे. आबांचे हात कसे चालायचे हे मला आज आठवत नाही. मी हातभर अंतरावर बसले होते आणि मी ते पाहिलेलं नाही.

प्लेगच्या वर्षी शहर रिकामं झालं तेव्हा आई आणि मी गावी गेलो. आबा राहिले. मिलच्या फाटकावर ते आणि एक कुत्रा असे दोघंच होते, असं ते सांगत. त्यानंतर मिलमध्ये त्यांचा मान वाढला. मॅनेजर त्यांना चहा विचारायला लागला. रायफलीचाही मान वाढला. लोक तिला बघायला मागत.

त्यानंतर दुसऱ्या वर्षी निवडणूक आली. निवडणुकीत सगळ्यांना हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. आबांनी रायफल लुगड्यासकट नेऊन दिली, आणि परत आणली तेव्हा लुगडं नव्हतं आणि नळीवर गंजाचे डाग होते. कुणीतरी ती ओल्या भिंतीला टेकवून ठेवली होती. मग पावसाळ्याच्या तोंडावर, शेवटच्या पेटीतलं एक काडतूस त्यांनी मैदानावर लावून पाहिलं, तर ते उडालंच नाही. जुनं झालं होतं. म्हणजे ज्या गोळ्यांच्या भरवशावर ते दर पगाराला रोखपालाबरोबर बँकेत जात होते, त्या चालतील की नाही हे आता सांगता येत नव्हतं.

पुढच्या शनिवारी काकांनी काचेच्या टेबलावर एक नवी रायफल ठेवली. सरकारी कारखान्याची, थ्री-फिफ्टीन बोअर. त्यांचं म्हणणं सरळ होतं. हिची काडतुसं कुठल्याही गावात मिळतात. जुनी माझ्याकडे द्या, कुणी शौकीन घेऊन जाईल. लायसनवर बोअर बदलायचा अर्ज करा, दोन महिन्यांत काम होईल. आबांनी नवी उचलली, खांद्याला लावली, बराच वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला आणि खाली ठेवली. काकांनी विचारलं, कैसी है. आबा म्हणाले, अच्छी है. मग थोड्या वेळाने, घरी येताना बसमध्ये, ते मला म्हणाले, "चांगली आहे गं. खांब असतो तशी आहे."

घरी त्यांनी प्रश्न मांडला. असं आमच्या घरात फारसं होत नसे. आबा ठरवत आणि आई नावं ठेवत. या वेळी ते जेवण झाल्यावर ताट न सारता बसून राहिले. एक तर जुन्या पुंगळ्या भरत राहायच्या, सरावालाही आणि नोकरीलाही. मिलमधून रिटायर व्हायला दोन वर्षं होती, तेवढी पुरतील असा त्यांचा हिशोब. नाहीतर नवा बोअर घ्यायचा आणि साहेबांची रायफल देऊन टाकायची. दोन हत्यारं ठेवण्याइतकी आमची ऐपत नव्हती.

आईने विचारही केला नाही. "नवी सवत लई या," ती म्हणाली. "तिनं खावानं तरी बजारमा भेटी."

आबा हसले आणि माझ्याकडे बघायला लागले.

मी त्या वेळी काय म्हणाले ते मला नीट आठवतं, कारण नंतर मी ते पुष्कळ वेळा मनात म्हणून पाहिलं आहे. मी म्हणाले, "भरून चालतंय तोवर चालवा की आबा. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे." मला बंदुकांतलं काही कळत नव्हतं. पण त्यांना कुणाकडून तरी हेच ऐकायचं होतं, हे मला कळत होतं. आणि मलाही ती रायफल आवडायची, तिच्या दस्त्यावरच्या त्या न कळलेल्या खुणेसकट. पुस्तकं वाचणाऱ्या माणसांना जुन्या वस्तू घरात असलेल्या आवडतात. त्या वापरायच्या नसतात त्यांना.

आबा म्हणाले, अर्ज तर लिहून ठेव. मी इंग्रजीत अर्ज लिहिला, त्यांनी फौजी सही केली, खाली लपेटा मारून. आम्ही तो माझ्या टेबलाच्या खणात ठेवला. दोन वर्षांनी किंवा कधी गरज पडली तर द्यायचा.

त्यानंतरच्या शनिवारची गोष्ट. मागच्या खोलीत मी स्टुलावर वाचत होते. आबा बोलत होते. त्यांचा आवाज मी ऐकत होते, जसा मागाचा ऐकतो तसा. त्यांनी नवी पद्धत ठरवली होती आणि ती ते मला सांगत होते, हे मला पुढे काकांकडून कळलं. पितळ दर वेळी थोडं ताणलं जातं. बुडाशी आतून पातळ होत जातं, बाहेरून दिसत नाही. म्हणून पुंगळी भरली की तिच्या बुडावर एक ठिपका द्यायचा. मिलच्या रंगखात्यातून त्यांनी लाल रंग आणला होता, त्यात गोंद कालवला होता. दुसऱ्यांदा भरली की दुसरा ठिपका. तीन ठिपके झालेली पुंगळी चालवली की ती बाद, तिला वेगळ्या डब्यात टाकायची, पुन्हा भरायची नाही. डबे दोन, चालू आणि बाद. डब्यांवर काही लिहायची गरज नाही, ठिपके आहेतच. शेवटी त्यांनी मला विचारलं असावं, कळलं का. मी हं म्हणाले. मी नेहमीच हं म्हणत असे.

शाळेत मी लाल पेनाने वह्या तपासायचे. एक रेघ म्हणजे शब्द चुकला, दोन रेघा म्हणजे वाक्य पुन्हा लिही, गोल म्हणजे मला येऊन भेट. पोरांना त्या खुणा पाठ होत्या.

त्या वर्षी खंडेनवमीला आणि आदल्या दिवशीही मला सुट्टी होती. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं आणि अवजारं घासूनपुसून पाटावर मांडतात आणि त्यांची पूजा होते. आईचं शिवणयंत्र, कात्री, विळी, अडकित्ता, माझं लाल पेन, आबांची रायफल. मिलमध्येही यंत्रांची पूजा असायची, म्हणून आबा रायफल पूजेसाठी घरी ठेवून आदल्या दिवसापासून तिकडेच होते, नवमीला संध्याकाळी येणार होते. गंजाच्या डागांपासून रायफलीचं त्यांना वाईट वाटत होतं, हे मी पाहत होते. या वेळी पूजा झोकात करायची, असं मी ठरवलं. आदल्या दिवशीच सुरुवात केली. दस्त्याला जवसाचं तेल चोळलं. मग कपाटातले दोन डबे दिसले.

दोन्ही डब्यांत रिकाम्या पुंगळ्या होत्या. काळपट पडलेल्या, बुडाशी लाल लागलेल्या. मला वाटलं, गेल्या वर्षीचं कुंकू. दर वर्षी पूजेत आपण सगळ्यालाच कुंकू लावतो, आणि ते यंत्राच्या चाकाला, विळीच्या पाटाला वर्षभर चिकटून राहतं. मी दोन्ही डबे एका परातीत ओतले. चिंच भिजवली, राख चाळून घेतली. काही पुंगळ्यांवर कुंकवाचे दोन दोन, तीन तीन ठिपके होते. आबा किती भक्तीने करतात, असं माझ्या मनात आलं होतं. ते मला लख्ख आठवतं. निघता निघत नव्हतं ते. मी नारळाची शेंडी घेतली आणि प्रत्येक पुंगळी बुडाशी घासली. आई म्हणाली, पुरे कर, बोटं सोलतील. आदला दिवस आणि नवमीची सकाळ, त्यात गेली. दुपारी सोन्यासारख्या झाल्या. पाटावर रायफल ठेवून तिच्याभोवती त्या उभ्या मांडल्या, मध्ये मध्ये झेंडूची फुलं. शेजारची गुजराती बाई बघून गेली आणि म्हणाली, अरे वाह, आ तो मंदिर जेवुं लागे छे.

आबा आले. हातपाय धुऊन पाटासमोर उभे राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते वाकले, एक पुंगळी उचलली, उलटी केली. खाली ठेवली. दुसरी उचलली. मग खाली मांडी घालून बसले आणि एकेक पुंगळी उलटून बघत गेले. आई म्हणाली, सवतीच्या दागिन्यांची मोजणी चाललीये बघ.

"छान चमकवल्यास गं," आबा म्हणाले. "आरसाच."

मग त्यांनी कुंकवाची कोयरी ओढली आणि पूजा केली. प्रत्येक पुंगळी ते हातात धरून फार वेळ बघत होते, बोटाने आतून चाचपत होते. मला वाटलं, त्यांना आवडलं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी मिलची वार्षिक तपासणी होती. मॅनेजर चांदमारीला येऊन बघत असे, प्रत्येक गनमनने पाच गोळ्या मारून दाखवायच्या. शनिवारी आबा दुकानात गेले ते एकटेच. माझ्या सहामाहीच्या वह्या आल्या होत्या, मी म्हणाले, आज नको.

पुढचं सुरुवातीला लिहिलं आहे. मी मैदानावर नव्हते, म्हणून त्यात भर घालू शकत नाही. चौथी गोळी, एवढं लोकांनी सांगितलं. पुंगळी बुडाशी फाटली आणि आग आणि पितळ मागे आलं, त्यांच्या गालाशी टेकलेल्या बाजूने. रायफल त्यांच्या हातातून पडली नाही. त्यांनी ती जमिनीवर आडवी ठेवली, नळी बांधाकडे करून, आणि मग बसले.

सरकारी दवाखान्यात ते सतरा दिवस होते. चौथ्या दिवशी काका आले, मोसंबी घेऊन. आबा झोपले होते. काका व्हरांड्यात माझ्याजवळ बाकावर बसले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग त्यांनी त्यांच्या हिंदीत सगळं सांगितलं, ठिपक्यांचं, दोन डब्यांचं. मला आधी कळेना ते मला का सांगतायत. त्यांची समजूत अशी होती की ठिपक्यांचं मला माहीतच आहे, आबांनी माझ्यासमोर त्यांच्याच खोलीत सांगितलं होतं, आणि धुण्याच्या नादात माझ्या हातून चूक झाली.

"शनिवार को मैंने बोला, सब फेंक दो, हवालदार साहब," काका म्हणाले. "पीतल की भी उमर होती है. अब कौन बूढ़ा, कौन जवान, कैसे पता चले. बोले, फेंक दूँगा तो बेटी पूछेगी कहाँ गयी. दो दिन घिसी है उसने."

आबांनी वाकड्या तारेने एकेक पुंगळी आतून चाचपून पाहिली होती. ज्या भरवशाच्या वाटल्या त्या पाचच भरल्या. बाकीच्या पिशवीत घालून घरी आणल्या होत्या, मला दिसाव्यात म्हणून. काका म्हणाले, मैं मना कर सकता था, दुकान मेरी है. नंतर त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटलं आणि उठून गेले. मोसंबी बाकावर राहिली.

उजव्या डोळ्याने आबांना पुन्हा दिसलं नाही. लायसन परत करावं लागलं. फुटलेली रायफल काकांकडे जमा झाली. त्यांनी ती विकली नाही, आणि त्यांच्यानंतर दुकान बंद झालं तेव्हा ती सरकारजमा होऊन मोडीत गेली असं ऐकलं. नवी घ्यायचा प्रश्न उरला नाही. मिलने आबांना फाटकावर ठेवून घेतलं, येणाऱ्याजाणाऱ्याचे पास बघायला, हातात काठी. ते कुरकुरले नाहीत. पहिल्या दिवशी घरून निघताना काठी खांद्याला लावून त्यांनी आईला दाखवली. आई तोंडात पदर घालून आत गेली. त्यानंतर तिने सवत हा शब्द कधी काढला नाही.

डाव्या डोळ्यालाही हळूहळू कमी दिसायला लागलं, वर्षभरात त्यांना छापलेलं वाचता येईना. मग संध्याकाळी मी त्यांना वाचून दाखवायला लागले. आधी वर्तमानपत्र, मग पुस्तकं. भिंतीपलीकडे माग चालू असायचे, मला मोठ्याने वाचावं लागे. आबा पलंगावर भिंतीला टेकून बसत, चांगल्या कानाची बाजू माझ्याकडे करून. त्या रविवारपासून उजवा कानही अधू झाला होता. त्यांच्यासारखं ऐकणारं माणूस मी पाहिलं नाही. चार दिवसांपूर्वी वाचलेल्या ओळीबद्दल ते आज विचारत. मी एखादं पान गाळलं तर म्हणत, मास्तरीणबाई, मधली कडी निखळली.

ठिपक्यांबद्दल आम्ही बोलत नव्हतो. काकांनी मला सांगितलंय हे त्यांना माहीत होतं की नाही, मला माहीत नव्हतं. मी रोज ठरवत असे की आज बोलायचं. मग पुस्तक उघडत असे. तीन वर्षं अशी गेली.

ज्या हिवाळ्यात ते गेले त्या हिवाळ्यात, संक्रांतीच्या आसपास, मी वाचता वाचता थांबले. छतावर पोरं पतंगासाठी ओरडत होती. मी पुस्तक मिटलं.

"आबा, त्या दिवशी दुकानात तुम्ही मला ठिपक्यांचं सांगितलं होतंत," मी म्हणाले. "मी ऐकलं नव्हतं."

"माहीत आहे मला," आबा म्हणाले. "मी बोलत होतो आणि तू पान उलटलंस."

"मग परत का नाही सांगितलंत?"

त्यांनी पाठीमागची उशी सारखी केली. मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही.

"तुझी गोष्ट रंगात आली होती," ते म्हणाले. "तोंडावर दिसत होतं तुझ्या. म्हटलं, कशाला मोडा. घरी सांगू कधीतरी." मग त्यांनी हात पुढे करून माझ्या मांडीवरचं पुस्तक चाचपलं. "हं. पुढे?"

मी पुस्तक उघडलं. मला अक्षरं दिसत नव्हती. मी एक परिच्छेद मनाने रचून वाचला, आणि त्यांना ते कळलं असणार. मधली कडी निखळली, असं ते म्हणाले नाहीत.

महिनाभराने ते गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. गावाकडून माणसं आली, मिलमधून मॅनेजर आला. काका आले नाहीत. ते आधीच्या वर्षी वारले होते. खंडेनवमी आली तेव्हा आईने पाट मांडला, त्यावर कात्री आणि विळी ठेवली आणि मला म्हणाली, तुझं पेन ठेव. मी ठेवलं.

आई आता गावी असते. मी गोडादऱ्याच्या त्याच दोन खोल्यांत राहते आणि त्याच शाळेत शिकवते. पोरं बोलत असली की मी हातातलं खाली ठेवते. खणात बोअर बदलण्याचा अर्ज आहे, आबांच्या सहीसकट. कपाटात एक डबा आहे. त्यात पुंगळ्या आहेत. त्या पुन्हा काळ्या पडल्या आहेत. मी त्या घासत नाही.